साडेनऊ तोळ्यांचे ओझे

शेळगावातल्या एका किराणा-भुसार दुकानात उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी काट्यावर फोन ठेवला गेला. गिऱ्हाईक नव्हते, पेठ अजून उघडत होती आणि दुकानाचे थोरले मालक गादीवर बसून रोजमेळ पाहत होते. धाकट्या भावाने आधी नुसता फोन ठेवला. काट्याने १९४ ग्रॅम दाखवले. मग त्याच फोनाला मागून बॅटरीचे कव्हर चढवून पुन्हा ठेवला. आकडा ३०५ झाला. थोरल्यांनी चष्म्यावरून काट्याकडे पाहिले, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि जुन्या सवयीने म्हणाले, "साडेनऊ तोळे. एवढे सोने असते तर ओझे वाटले नसते."

त्या घराला हा हिशेब करण्याचे कारण दीड महिन्यापूर्वी मिळाले होते.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन आणि आंथुर्णे मागे टाकून शेळगावच्या शिवारात पोहोचता येते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचते तिथे ऊस आणि जिथे पोहोचत नाही तिथल्या माळावर डाळिंब, अशी या पट्ट्याची साधारण रचना आहे. जवळच वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर उभारलेली ही उद्योगनगरी. फलटण, बारामती, इंदापूर, अकलूज, नातेपुते या गावांत जैन व्यापाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत आणि शेळगावचे हे दुकान त्याच परंपरेतले. थोरले भाऊ दुकान सांभाळतात, गाव त्यांना दादा म्हणते. धाकटे, म्हणजे गावाचे काका, बागांतून हिंडून बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी डाळिंबाची खरेदी करतात. दुकान एका जागी बसते, खरेदी दिवसभर फिरते. त्यामुळे एका भावाच्या फोनाला भिंतीतला प्लग सदैव हाताशी असतो, दुसऱ्याच्या फोनाला तो संध्याकाळपर्यंत दिसत नाही.

दहा वर्षांपूर्वी या फरकाला काही अर्थ नव्हता. साध्या बटणांच्या फोनातली हजार मिलिअँपियर-तासांच्या आसपासची बॅटरी तीन-तीन दिवस पुरत असे, कारण फोनाला बोलण्याखेरीज काम नव्हते. २०१६ हे एकच वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी यूपीआय सुरू झाले, ५ सप्टेंबरला जिओची सेवा आली आणि ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. स्वस्त इंटरनेट, फोनातून पैसे आणि रोख रकमेची चणचण या तीन गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने खेड्यातल्या पेठेत पोहोचल्या. पुढे जीएसटी आला, ई-वे बिल आले. आज काकांच्या फोनात बँकेचे संदेश आहेत, बागायतदारांनी पाठवलेली फळांची छायाचित्रे आहेत, गाडी कुठे पोहोचली ते सांगणारा नकाशा आहे आणि सकाळ-संध्याकाळचे भाव आहेत. पूर्वी पेढीच्या गल्ल्यात, वहीत आणि मुनीमजींच्या डोक्यात विभागलेल्या गोष्टी एका पेटीत आल्या. ती पेटी बंद पडली तर पेढी बंद पडते.

फेब्रुवारीतल्या एका दिवशी नेमके तेच झाले.

काकांनी सकाळी एका शेतकऱ्याची बाग पाहिली होती. माल चांगला होता, वीस-वीस किलोचे शंभर क्रेट निघतील असा अंदाज होता. पुढच्या व्यापाऱ्याकडून भाव दुपारनंतर येणार होता. काका म्हणाले, "सहापर्यंत भाव कळवतो. तोवर दुसऱ्याला शब्द देऊ नका." शेतकरी म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर थांबतो." त्यानंतर काका कडबनवाडीच्या बाजूच्या माळावर दुसऱ्या बागेत गेले. तिथे तोडणी चालू होती, वजने चालू होती आणि मोजमाप अर्ध्यावर सोडून निघणे शक्य नव्हते. साडेपाचच्या सुमारास फोनाने पंधरा टक्के दाखवले आणि दहा मिनिटांत पडदा काळा झाला.

बागेत इतरांचे फोन होते. एका मजुराने आपला फोन पुढेही केला. काकांनी तो हातात घेतला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले की शेतकऱ्याचा क्रमांक आपल्याला पाठ नाही. व्यापाऱ्याचाही नाही. घरच्या फोनाचा क्रमांक आठवला, तो त्यांनी लावला, पण दुकानात गर्दीची वेळ होती आणि अनोळखी क्रमांक कोणी उचलला नाही. मोटारसायकलवरून शेळगावात पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. सूर्यास्तानंतर जेवण नाही, त्यामुळे काकूंनी झाकून ठेवलेले ताट तसेच राहिले. फोन प्लगला लावला, तो उघडायला आणखी काही मिनिटे गेली. सात वाजून गेल्यावर शेतकऱ्याशी बोलणे झाले. त्याच्या बागेत साडेसहापर्यंत दुसरा खरेदीदार उभा होता. शेतकऱ्याने त्याला थांबवले नाही, कारण शब्द दिला होता. तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार किलोमागे सात रुपयांनी उतरला.

दोन हजार किलोंवर सात रुपये म्हणजे १४,००० रुपये. लेखी काही नव्हते. फोन बंद पडला हे खरे होते आणि बाजार उतरणे कोणाच्या हातात नसते हेही खरे. काकांनी हे सारे दादांपुढे मांडले. दादांनी एवढेच विचारले, "तो कोणाच्या सांगण्यावरून थांबला होता?" माल आदल्या दिवसाच्या भावाने घेतला गेला. फरकाची रक्कम रोजमेळात खर्ची पडली आणि तिच्यापुढे दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'फोन बंद'.

ही नोंद पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या कानावर गेली. काकांच्या हातातला फोन मुळात त्याचाच होता. चार वर्षे वापरून त्याने तो काकांना दिला होता आणि स्वतः नवा घेतला होता. त्याला अपराधी वाटले असावे. त्याने तीन हजार रुपये खर्चून बॅटरी असलेले कव्हर मागवले आणि शेळगावला पाठवून दिले. "काका, आता तुमचा फोन रात्रीपर्यंत बंद पडणार नाही," असे त्याने सांगितले. ते कव्हर काट्यावर चढले, ते याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. एवढे जाड, एवढे जड आणि दिसायला ओबडधोबड असलेले हे साधन आपल्या किमतीला उतरते का?

हा प्रश्न शेळगावात पहिल्यांदा पडलेला नव्हे. फोनाला मागून बॅटरी बांधण्याची कल्पना स्मार्टफोनाइतकीच जुनी आहे. मॉफीसारख्या कंपन्यांनी त्यावर आपला व्यवसाय उभा केला. डिसेंबर २०१५ मध्ये खुद्द ॲपलने आपल्या फोनासाठी असे कव्हर बाजारात आणले. किंमत ९९ डॉलर, क्षमता १,८७७ मिलिअँपियर-तास आणि पाठीच्या मध्यभागी उंचवटा. देखणेपणासाठी नावाजलेल्या कंपनीने फोनाला कुबड काढले म्हणून जगभर टिंगल झाली. तरीही ज्यांना दिवसभर बाहेर राहावे लागे त्यांनी ते घेतले, कारण त्यांच्या दृष्टीने बंद पडलेला सुंदर फोन निरुपयोगी होता. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीने चुंबकाने चिकटणारी, हवी तेव्हा काढून ठेवता येणारी छोटी बॅटरी आणली. दरम्यान इतर कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला आणि फोनाच्या आतच मोठी बॅटरी बसवली. पाच हजार मिलिअँपियर-तासांची बॅटरी आज साध्या किमतीच्या फोनातही मिळते. पाठीवरच्या ओझ्याची गरज त्यामुळे पुष्कळशी कमी झाली, पण जुना फोन वापरणाऱ्यांची ती संपली नाही.

काकांनी कव्हर प्रामाणिकपणे वापरले. पहिल्या पंधरा दिवसांत त्याचे गुण दिसले. संध्याकाळी सहाला फोनात निम्म्याहून अधिक शक्ती शिल्लक राहू लागली. वायर बाळगण्याची गरज नाही, फोन आणि बॅटरी एकच वस्तू, एका हातात वजनाची पावती असताना दुसऱ्या हाताने बोलता येते. बागेतल्या दगडावर फोन पडला तेव्हा जाड कव्हराने तो वाचवलाही.

मग दोष दिसू लागले. सदऱ्याचा वरचा खिसा खाली ओढला जाऊ लागला आणि महिन्याभरात त्याची शिवण उसवली. काकूंनी ती पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "याला खिसा नको, झोळी हवी." लांब बोलणे झाले की मनगट दुखे. पाच हजारांचा आकडा छापलेला असला तरी फोनाला त्यातले सुमारे साडेतीन हजारच मिळतात, हेही उमगले. एका बॅटरीतून दुसरीत शक्ती जाताना विजेचा दाब बदलावा लागतो, थोडी उष्णता होते आणि तेवढी शक्ती वाया जाते. दादांना हे समजावून सांगावे लागले नाही. गोदामातून दुकानात येईपर्यंत धान्यात घट धरावीच लागते, ती त्यांनी आयुष्यभर धरली होती.

खरी अडचण एप्रिलमध्ये आली. या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो. दुपारी बागेत, जाड कव्हराच्या आत, मागून बॅटरी शक्ती भरत असताना फोन इतका तापे की तापमान वाढल्याचा इशारा देऊन तो काम थांबवी. ज्या साधनाने फोन चालू ठेवायचा, तेच त्याला दुपारी बंद पाडू लागले. आजच्या फोनांतल्या बॅटऱ्या लिथियम-आयन प्रकारच्या असतात. १९९१ मध्ये सोनीने त्या प्रथम बाजारात आणल्या आणि त्यांचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत, उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेले राहणे. दिवसभर मागून भरणारे कव्हर तिला नेमक्या याच दोन गोष्टी देते.

काका तो फोन घेऊन इंदापूरला दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने कव्हर काढून बाजूला ठेवले, फोनातली बॅटरीची माहिती उघडली आणि आकडा दाखवला. मूळ क्षमतेच्या ७६ टक्के. अशा फोनांची बॅटरी सुमारे पाचशे पूर्ण वेळा भरून रिकामी झाल्यावर ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरेल या हिशेबानेच घडवलेली असते, हे त्याने सांगितले. हा फोन चार वर्षे पुण्यात आणि वर्षभर बागांत वापरलेला होता. थकलेली बॅटरी पंधरा टक्के दाखवते आणि पाहता पाहता शून्यावर येते, तेही त्याच लक्षणांपैकी एक. फेब्रुवारीतल्या संध्याकाळचे कोडे तिथे सुटले.

त्या रात्री दुकान बंद करताना दादा जे बोलले ते व्यापारी घरातच सुचण्यासारखे होते. "मूळ भांडवल आटले आहे, ते पाहिलेच नाही. वरून उसने आणून दुकान चालवले आणि उसन्याचे ओझेही आपणच वाहिले." फोनाची आतली बॅटरी बदलण्याचा खर्च कव्हराच्या किमतीहून कमी आला. नव्या बॅटरीवर, दुपारच्या जेवणाच्या वेळी अर्धा तास प्लगला लावून, काकांचा फोन रात्री आठपर्यंत सुखाने चालू लागला.

मग कव्हराचे काय करायचे? पुतण्याने आपुलकीने पाठवलेली वस्तू, टाकवत नव्हती. दुसऱ्या कोणाला द्यावी तर ती त्या एकाच नमुन्याच्या फोनाला बसते. दादांच्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा दोष होता. एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचा माल दुकानात भरायचा नसतो, कारण ते गिऱ्हाईक गेले की माल पडून राहतो. साधी पॉवर बँक वजनाला दुप्पट असते, पण ती गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत राहते, कोणत्याही फोनाला चालते आणि फोन बदलला तरी निकामी होत नाही. घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी. ती आणि बॅटरीचे कव्हरही विमानप्रवासात सामानात न देता जवळच ठेवावे लागते.

घरातल्या आजींनी या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. त्यांचे परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे, वापरायच्या वस्तू मोजून ठेवलेल्या आहेत. कव्हर टेबलावर पाहून त्यांनी विचारले, "हे एक धरायचे की दोन?" हसण्यावारी गेलेल्या या प्रश्नाने काकूंनी एक दिवस सारे कप्पे उघडले. जुने चार्जर, तुटक्या वायरी, फुगलेल्या दोन बॅटऱ्या, न चालणारे तीन फोन असा ढीग निघाला. फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे असते आणि कचऱ्यात टाकणे त्याहून. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. काकूंनी तो ढीग पिशवीत भरून पुण्याच्या संकलन केंद्रासाठी पुतण्याकडे दिला. शक्ती साठवण्याच्या हौसेने किती निःशक्त वस्तू जमवल्या होत्या, ते सर्वांनी पाहिले.

त्याच काकू हिवाळ्यात सम्मेद शिखरजीच्या यात्रेला जाऊन आल्या होत्या. डोंगरावरची चढ-उतार आणि वंदना मिळून २७ किलोमीटरचा तो फेरा. सोबतच्या तरुणांनी बॅटऱ्या बाळगल्या होत्या. काकूंनी पहाटे निघताना फोन बंद करून पिशवीत टाकला आणि खाली धर्मशाळेत आल्यावर सुरू करून खुशाली कळवली. दिवस संपला तेव्हा तरुणांचे फोन मान टाकत होते आणि काकूंच्या फोनात साठ टक्के शिल्लक होते.

आषाढी वारीच्या दिवसांत आंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे जाणारा तुकोबांचा पालखी सोहळा या भागातून जातो. त्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर दरवर्षीप्रमाणे पाण्याचे पिंप ठेवले होते आणि यंदा त्याच्या शेजारी लांब वायरीचा बोर्डही लावला होता. वारकरी आळीपाळीने फोन लावत. स्मार्टफोनवाले घाईत होते. बटणांचा फोन असलेल्या एका वृद्ध वारकऱ्याला काकांनी जागा करून दिली, तर तो म्हणाला, "बारामतीत भरलाय, इंदापुरापर्यंत लागायचा नाही. त्यांना लावू द्या." त्याच्या फोनाच्या मागच्या खाचेत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर घरच्या दोघांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

काकांना त्या कागदाने फेब्रुवारीतला मजूर आठवला, ज्याचा चालू फोन हातात असूनही उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी बॅटरी संपली हे अर्धेच कारण होते. क्रमांक पाठ नव्हता, हे उरलेले अर्धे. साडेनऊ तोळ्यांच्या कव्हराने पहिले अर्धे झाकले असते. फोन पडला, भिजला, चोरीला गेला तर दुसरे अर्धे तसेच राहिले असते.

आता त्या कव्हराविषयी घरात वाद नाही. ज्याला दिवस-दिवस प्लग भेटत नाही, ज्याच्या एका हातात सतत काम असते आणि ज्याचा फोन धडधाकट आहे, त्याला ते आठवड्यातल्या अवघड दिवसापुरते उपयोगी पडते. मग त्याचे रूप आणि जाडी यांकडे पाहण्याचे कारण नाही. दुकानात, घरात, गाडीत वावरणाऱ्याने वर्षभर ते ओझे वाहणे म्हणजे एका पावसासाठी बारमाही छत्री उघडी धरणे. आणि फोन अकाली मान टाकत असेल तर आधी आतली बॅटरी तपासावी, मग कव्हराचा विचार करावा. काकांचे कव्हर गल्ल्याखालच्या कप्प्यात आहे. तोडणीचा जोर असतो त्या दिवशी ते पिशवीतून सोबत जाते, खिशातून नाही. दुपारी झाडाच्या सावलीत अर्धा तास फोनाला चढवतात आणि काढून ठेवतात.

खिशात त्याऐवजी तळहाताएवढी वही आली आहे. दादांनी तीही काट्यावर ठेवून पाहिली. १८ ग्रॅम, म्हणजे दीड तोळा. तिच्यात दहा-बारा क्रमांक आहेत, घरचे, दुकानाचे, व्यापाऱ्यांचे आणि ज्यांना भाव कळवायचा शब्द दिलेला असतो त्यांचे. पुढच्या हंगामात काका त्याच बागेत गेले, तेव्हा शेतकऱ्याने माल दाखवण्याआधी हसत विचारले, "फोन भरलाय ना?" काकांनी खिशातून वही काढून पेनासह त्याच्यापुढे धरली. पहिल्या पानावरचा पहिला क्रमांक त्या शेतकऱ्याच्या हातचा आहे.